जेट्टीजवळच्या तिसऱ्या आणि कॅमेऱ्याला न दिसलेला रंग

फेब्रुवारीतल्या एका दुपारी माझ्या विद्यार्थिनीने दोन फोटो शेजारी-शेजारी लावून मला दाखवले. डावीकडे खाडीच्या आतल्या अंगाला, कांदळवनापाशी मिळालेल्या तिसरीचे, म्हणजे खाडीत मिळणाऱ्या एका खाण्याच्या शिंपल्याचे, कल्ले होते, जवळजवळ काळेच. उजवीकडे मासळी उतरवायच्या जेट्टीजवळच्या तिसरीचे कल्ले, हिरव्या ठिपक्यांनी गच्च भरलेले. फोटो इतका बोलका होता की मी तो मोबाइलवर घेऊन घरी दाखवला. जेट्टीच्या पाण्यात डिझेल असतं, बोटींच्या रंगातले धातू असतात, त्यामुळे पेशींवर ताण येतो आणि ताणाचं प्रथिन वाढतं, असा सरळ अर्थ आम्ही लावला. परिषदेसाठी गोषवाराही लिहून पाठवला. पुढच्या तीन महिन्यांत तो मागे घ्यावा लागला. ते कसं झालं, त्याची ही हकीकत.

आमची प्रयोगशाळा रत्नागिरीत आहे. लहान आहे. एक फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप, तोही दुसऱ्या हाताचा, आणि त्यावर एक कृष्णधवल कॅमेरा. पुस्तकातला मराठी शब्द अनुस्फुरण, पण आमच्याकडे सगळे फ्लुओरेसन्सच म्हणतात. एका रंगाचा प्रकाश आत टाकायचा आणि पदार्थाने परत दिलेला, जास्त तरंगलांबीचा प्रकाश तेवढा गाळून पाहायचा, इतकंच त्याचं तत्त्व. जॉर्ज स्टोक्सने १८५२ साली फ्लुओराइट या खनिजावरून हे नाव दिलं. प्रयोगशाळा पाहायला आलेली शाळेतली मुलं हमखास विचारतात, थंडीत रात्री लाटा निळ्या चमकतात तेच का हे? ते नव्हे. तिथे नॉक्टिल्यूकासारखे सूक्ष्मजीव रासायनिक क्रियेने स्वतःचा प्रकाश तयार करतात. इथे बाहेरून प्रकाश घातल्याशिवाय काही दिसत नाही, आणि आमच्या सगळ्या अडचणी त्या घातलेल्या प्रकाशापासूनच सुरू होतात.

विद्यार्थिनीचं काम असं होतं. दोन ठिकाणच्या तिसऱ्या आणायच्या, कल्ले आणि पाचकग्रंथी काढून ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ठेवायच्या, पातळ काप घ्यायचे. मग एचएसपी-७० हे ताणाचं प्रथिन शोधणारं, म्हणजे नेमकं त्यालाच चिकटणारं प्रतिपिंड लावायचं. हे प्रथिन उष्णतेने, जड धातूंनी, ऑक्सिजनच्या कमतरतेने पेशीत वाढतं आणि बिघडू पाहणाऱ्या इतर प्रथिनांची घडी सांभाळतं. त्या पहिल्या प्रतिपिंडाला पकडणारं दुसरं प्रतिपिंड घ्यायचं. त्याला एफआयटीसी हा रंग जोडलेला असतो. तो ४९५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतो आणि ५१९ च्या आसपासचा हिरवा सोडतो. केंद्रकं दिसावीत म्हणून सोबत डॅपी हा दुसरा रंग. काम नेटकं होतं. वही स्वच्छ होती. नियंत्रणाची स्लाइडही होती, म्हणजे पहिलं प्रतिपिंड न लावता फक्त दुसरं लावलेली. ती काळी आली होती. त्या काळ्या स्लाइडने आम्हाला किती फसवलं ते पुढे येईलच.

पहिला संशय दिव्यावर

गोषवारा गेल्यावर पंधरवड्याने तिने आणखी काप रंगवले आणि फरक अचानक कमी दिसला. तिचा चेहरा उतरला. मी मात्र निवांत होते, कारण मला वाटलं दोष मायक्रोस्कोपच्या दिव्याचा आहे.

पारा-वाफेच्या दिव्याशी ज्यांनी संसार केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. १०० वॅटचा बल्ब साधारण २०० तास चालतो, आणि त्याचा प्रकाश पहिल्या दिवसापासून उतरत जातो. लावला की अर्धा तास बंद करायचा नाही. बंद केला की थंड होईपर्यंत परत लावायचा नाही. आता हे कोकणात पाळून दाखवा. वीज जाते, पाच मिनिटांनी येते, परत जाते. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी खाऱ्या हवेत किती टिकते हा वेगळा विषय. पावसाळ्यात भिंगांवर बुरशीची जाळी धरते ती निराळीच. दर सप्टेंबरात आम्ही भिंगं उघडून घाबरत घाबरत पाहतो.

वहीत पाहिलं तर जेट्टीच्या स्लाइड्सचे फोटो नवीन बल्ब बसवल्यावर चारच दिवसांनी काढलेले होते आणि खाडीच्या स्लाइड्सचे त्याआधी, जुन्या बल्बवर. शिवाय सॉफ्टवेअरचं एक्स्पोजर 'ऑटो'वर होतं, म्हणजे प्रत्येक फोटोसाठी यंत्र स्वतःच वेळ ठरवत होतं. वर फोटो जेपीईजी स्वरूपात, चमक ताणून, आठ बिटांत साठवलेले. कॅमेरा बारा बिटांचा, म्हणजे ० ते ४०९५ पायऱ्यांचा, आणि आम्ही त्यातल्या २५६ पायऱ्या ठेवून बाकीच्या फेकून देत होतो. या चुकीची जबाबदारी माझी. एक्स्पोजर पहिल्या दिवशीच पक्कं करून द्यायला हवं होतं.

तेव्हा सगळं पुन्हा केलं. एकाच दुपारी, एकाच बल्बवर, एक्स्पोजर ४०० मिलिसेकंदांवर पक्कं, फाइल मूळ स्वरूपात, चमक न ताणता. आमचे प्रयोगशाळा परिचर आहेत, त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांनी स्लाइड्सवरची नावं झाकून आकडे चिकटवले, म्हणजे मोजणाऱ्याला कुठली जेट्टीची ते कळू नये. मोजणी फिजी या सॉफ्टवेअरमध्ये, जे फुकट मिळतं. निकाल आला तेव्हा जेट्टीच्या स्लाइड्स अजूनही उजळच होत्या. पहिल्या फोटोइतक्या नाहीत, पण उजळ. म्हणजे दिवा निर्दोष नव्हता, पण तो एकटाच दोषीही नव्हता. विद्यार्थिनी खूश झाली. मीही झाले, हे कबूल करते.

दादांनी डोळा लावला

बल्ब बसवताना आतली ज्योत मध्यावर आणायची असते आणि ते काम दादा माझ्यापेक्षा चांगलं करतात. एप्रिलात एकदा ज्योत हलायला लागली म्हणून त्यांना बोलावलं. मंचावर जेट्टीची स्लाइड होती. त्यांनी दिवा नीट केला, नंतर सहज दोन्ही डोळे लावून पाहत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ह्ये हिरवं कुठं हाय? पिवळं दिसतंय."

मी पाहिलं. ठिपके खरंच पिवळे होते, काही तर नारिंगीकडे झुकणारे. त्यांच्यामागे एक फिकट हिरवी झाक होती, आणि एफआयटीसीचा हिरवा म्हणावा असा रंग तेवढाच.

आता लाज वाटते, पण सांगते. तीन महिने आम्ही दोघींनी स्लाइड्स पडद्यावरच पाहिल्या होत्या. आमचा कॅमेरा कृष्णधवल आहे, त्याला रंग कळतच नाहीत. किती प्रकाश आला एवढंच तो मोजतो. पडद्यावरचा हिरवा सॉफ्टवेअर भरतं, आणि तोही आम्ही यादीतून 'एफआयटीसी' निवडतो म्हणून. 'लाल' निवडलं असतं तर तेच ठिपके लाल दिसले असते. आणि आमचा फिल्टरसंच ४५० ते ४९० चा निळा प्रकाश आत सोडतो, पण बाहेर येताना ५२० च्या पुढचं सगळंच जाऊ देतो. हिरवं, पिवळं, नारिंगी, तांबडं, सगळं. डोळ्याने पाहणाऱ्याला हा संच सोयीचा, कारण डोळा रंग वेगळे करतो. रंगांधळ्या कॅमेऱ्यामागे लावला की त्या सगळ्याची एकच बेरीज होते.

मग हे पिवळं काय? ऊतीची स्वतःची चमक. याचा त्रास या तंत्राला जन्मापासून आहे. आल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडाला पहिल्यांदा चमकणारा रंग जोडला तो निळा चमकणारा होता, आणि ऊती स्वतःही निळसर चमकतात. म्हणून ते लगेच हिरव्या फ्लुओरेसीनकडे वळले. आज सगळीकडे हिरवा चॅनेल पहिला असतो त्याचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे. पण ऊती फक्त निळ्याच चमकतात असं थोडंच आहे.

शिंपल्यांत दोन मुख्य आरोपी असतात. एक हरितद्रव्य आणि त्याचे तुकडे. तिसरी पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खाते, तेव्हा तिच्या पाचकग्रंथीत हरितद्रव्य असणारच. ते निळा प्रकाश शोषून ६७०-६८० च्या आसपास गडद तांबडा सोडतं. दुसरा आरोपी लिपोफ्युसिन. पेशीतलं न पचलेलं, एकमेकांत अडकून घट्ट झालेलं मेद आणि प्रथिन. पेशीचा केरच म्हणा, पण बाहेर टाकता न येणारा. तो कणाकणाने साठत जातो आणि निळा किंवा अतिनील प्रकाश पडला की पिवळा-नारिंगी चमकतो. तिसरा किरकोळ साथीदार म्हणजे फॉर्माल्डिहाइड, जे ऊती टिकवताना स्वतःही थोडी चमक वाढवून जातं. मात्र ते दोन्ही गटांत सारखंच होतं, म्हणून त्याला सोडून दिलं.

इथे विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला तो बरोबर होता. ही ऊतीची चमक असेल तर नियंत्रणाची स्लाइड काळी कशी आली?

वही काढली. नियंत्रणाची स्लाइड खाडीच्या तिसरीची होती. फक्त खाडीच्या.

का, तर काप मोजके, दुसरं प्रतिपिंड महाग, आणि नियंत्रण कशासाठी असतं याची आमची समजूत अशी की दुसरं प्रतिपिंड भलतीकडे चिकटतं का ते पाहायला. प्रतिपिंड तर दोन्ही गटांत एकच, मग एकाच गटावर तपासलं तरी चालेल, असं तिला वाटलं. मला विचारलं असतं तर मीही बहुधा हो म्हटलं असतं. पण ती स्लाइड प्रतिपिंडाबरोबर ऊतीचीही परीक्षा घेत असते, आणि ऊती दोन वेगळ्या होत्या.

त्याच दिवशी जेट्टीच्या तिसरीचा एक काप कुठलंही प्रतिपिंड न लावता, नुसता धुऊन, काचेखाली ठेवला. फुकटचं काम, वीस मिनिटांचं. पडद्यावर तेच हिरवे ठिपके. एकही प्रतिपिंड नाही, एफआयटीसीचा थेंब नाही, आणि फोटो जवळपास तोच. आणखी एक स्वस्त चाचणी केली. रंगवलेल्या स्लाइडचा एकच भाग पाच मिनिटं पूर्ण प्रकाशात ठेवला. एफआयटीसी अशा प्रकाशात पटकन विझतो. मागची हिरवी झाक विझली. पिवळे ठिपके आपल्या जागी होते, हट्टाने.

काकींनी सांगितलेलं

एवढ्यावर थांबलो असतो तरी चूक सापडली असं म्हणता आलं असतं. पण एक प्रश्न तसाच राहत होता. ऊतीची चमक असेल तर ती दोन्हीकडे सारखी हवी. जेट्टीच्या तिसऱ्याच का उजळ? विद्यार्थिनीचं म्हणणं असं की लिपोफ्युसिनसुद्धा ताणानेच वाढतं, मग प्रथिन नाही तर नाही, हाच ताणाचा पुरावा धरू. मुद्दा अगदी टाकाऊ नव्हता. शिंपल्यांतलं लिपोफ्युसिन प्रदूषणाचा निर्देशक म्हणून वापरतातही. मी जवळजवळ मान्य केलं होतं.

खाडीतल्या तिसऱ्या आम्हाला एक काकी काढून देतात. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, कमरेपर्यंत पाण्यात उतरून पायाने चाचपत, मग हाताने. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त हटतं तेव्हा त्यांची टोपली भरते, भांगाच्या दिवसांत त्या येतही नाहीत. जेट्टीजवळच्या मात्र विद्यार्थिनीने स्वतः काढल्या होत्या. मे महिन्यात पुन्हा नमुने घ्यायला गेलो तेव्हा तिने काकींना सहज विचारलं, तुम्ही जेट्टीकडून का नाही आणत, तिथे तर मोठमोठ्या मिळतात? काकी म्हणाल्या, "तिकडं कोन जातंय बाय? डिझेलचा वास मारतो त्यांना, गिऱ्हाईक परत आनून टाकील. कोन काडत न्हाय म्हनून तर मोठ्या ऱ्हातात."

परत येताना रिक्षात आम्ही दोघी गप्प होतो. खाडीतल्या तिसऱ्या वाढण्याआधीच टोपलीत जातात. जेट्टीच्या कोणी काढत नाही, म्हणून त्या म्हाताऱ्या होतात. आणि लिपोफ्युसिन सगळ्यांत आधी वयाबरोबर साठतं. प्राण्यांच्या वयाचा अंदाज घ्यायलाही ते वापरतात.

शिंपा सुदैवाने फेकल्या नव्हत्या. प्रत्येक तिसरीच्या दोन्ही शिंपा पिशवीत नाव घालून ठेवायची सवय तिला होती. त्यासाठी तिला पूर्ण गुण. व्हर्नियरने मोजल्या. खाडीच्या बहुतेक ३० मिलिमीटरच्या आतबाहेर, जेट्टीच्या ४० च्या वर. दोन गटांची लांबी एकमेकांना जेमतेम शिवत होती. आम्ही पाण्याची तुलना करतोय असं समजून वयाची तुलना केली होती. ती तुलनाही नीट झाली नव्हती, कारण वय आणि पाणी दोन्ही एकाच दिशेला ओढत होते आणि कोणाचा जोर किती हे त्या स्लाइड्सवरून कुणालाच सांगता आलं नसतं.

जेट्टीच्या पाण्यात काही वाईट नाही, असा याचा अर्थ नाही. आमच्या स्लाइड्सवरून ते कळत नाही, एवढंच.

दुरुस्ती

गोषवारा मागे घेण्याचं पत्र तिने स्वतः लिहिलं. मी दोन वेळा मवाळ केलं, तिने दोन्ही वेळा परत कडक केलं.

रंग बदलायचं ठरलं तेव्हा पहिला विचार जास्त तरंगलांबीच्या तांबड्या रंगाचा आला, ६४० च्या आसपास उत्तेजित होणारा, कारण तिथे लिपोफ्युसिन फारसं त्रास देत नाही. पण पाऱ्याचा दिवा तिथे दुबळा आहे. त्याच्या तीव्र रेषा ३६५, ४०५, ४३६, ५४६ आणि ५७७-५७९ नॅनोमीटरवर असतात. बाकी जागी उरलासुरला उजेड. मजा अशी की एफआयटीसीला लागणारा ४९० च्या आसपासचा प्रकाशही पाऱ्याकडे कमीच असतो. म्हणजे सर्वांत जास्त वापरला जाणारा हिरवा रंग, सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या दिव्याच्या नेमक्या खड्ड्यात बसतो. खरा रंग अंधुक म्हणून आम्ही एक्स्पोजर वाढवत गेलो आणि त्याबरोबर केरही उजळत गेला. मला हे पुस्तकातून माहीत होतं. आपल्या टेबलावर कधी लावून पाहिलं नव्हतं.

कपाटात रोडामीन या दुसऱ्या चमकणाऱ्या रंगासाठीचा जुना फिल्टरसंच पडून होता, ५४६ वर उत्तेजित करणारा. पाऱ्याची ती सर्वांत उपयोगी रेषा. त्याला जुळणारा नारिंगी रंग जोडलेलं दुसरं प्रतिपिंड मागवलं. ५४६ चा हिरवा प्रकाश लिपोफ्युसिनला निळ्याइतका पेटवत नाही आणि हरितद्रव्यही तो कमी शोषतं. तरी त्या संचातून तांबडं बाहेर येतंच, म्हणून पाचकग्रंथी मोजणीतून काढून टाकली आणि कल्ले तेवढे ठेवले.

सुदान ब्लॅक बी हा काळा रंगही लावून पाहिला. ७० टक्के अल्कोहोलमध्ये ०.१ टक्का, प्रतिपिंडं लावून झाल्यावर दहा मिनिटं. मेदाच्या कणांवर बसून तो त्यांची चमक झाकतो. काम करतो, पण त्यानंतर साबणासारखं काही असलेल्या द्रावणात धुतलं तर निघून जातो. आमच्या पहिल्या चार स्लाइड्स अशाच गेल्या, कारण सवयीने ट्वीन या साबणासारख्या द्रव्याच्या द्रावणात बुडवल्या. शिवाय खरी चमकही थोडी दाबली जाते. शेवटी तो ठेवला, पण दोन्ही गटांना सारखा.

आणि प्रत्येक ठिकाणच्या, प्रत्येक आकाराच्या तिसरीचे तीन काप: एक काहीही न लावलेला, एक फक्त दुसरं प्रतिपिंड लावलेला, एक पूर्ण रंगवलेला. प्रतिपिंड जास्त खर्च होतं. त्यासाठी तिसऱ्यांची संख्या कमी केली आणि विद्यापीठाच्या समितीला तसं कळवलं. न रंगवलेल्या कापांची चमक आता वेगळ्या रकान्यात मोजली जाते आणि शिंपेच्या लांबीसमोर मांडली जाते. त्यात चढ स्पष्ट दिसतो, खाडीच्या तिसऱ्यांतही. मोठी तिसरी, जास्त पिवळे ठिपके.

नव्या पद्धतीने, सारख्या लांबीच्या तिसऱ्या घेऊन, एचएसपी-७० चा फरक किती राहिला? ज्या थोड्या जोड्या मिळाल्या त्यांत जेट्टीच्या थोड्या उजळ आहेत, पण एका तिसरीपासून दुसरीपर्यंतचा फरक त्याहून मोठा आहे. यावर आज काही म्हणायची माझी तयारी नाही.

अडचण आहे ती लहान तिसऱ्यांची. जेट्टीजवळ ३० मिलिमीटरच्या तिसऱ्या शोधायला तीन सुकत्या गेल्या आणि मिळाल्या सहा. मग जून आला. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं आणि खारेपणा उतरण्याचा ताण तिसरीला बसतोच, तेव्हा त्या दिवसांतले नमुने या तुलनेत घालता येत नाहीत. नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात गेल्या. आता ऑक्टोबरात पाणी निवळलं की काकी जेट्टीकडे यायला तयार आहेत, मात्र त्या तिसऱ्या त्यांच्या टोपलीत ठेवायच्या नाहीत, आम्ही वेगळी बादली आणायची, या अटीवर. सहा तिसऱ्यांच्या स्लाइड्स फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये आहेत. डब्यावर दादांच्या अक्षरात लिहिलंय: आधी डोळ्याने बघा.